माळ उतरवू का, असं विचारणाऱ्या ताईंना

(पत्र थोडं लहान करून, ओळख पटेल असे तपशील वगळून देत आहे.)

आदरणीय ताई, रामकृष्णहरी. आम्ही फलटण तालुक्यातले. माझं वय ५४. आमचे मिस्टर साखर कारखान्यात फिटर होते. मागच्या वर्षी माघात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'हं' आणि 'नाय' एवढंच येतं, तेही उलटसुलट. त्याआधी आम्ही दोघं दरवर्षी आळंदीपासून चालायचो. ते दिंडीत पखवाज वाजवायचे, माझ्या डोक्यावर तुळस असायची.

यंदा पालखी आमच्या गावाजवळून गेली. टाळांचा आवाज घरात येत होता आणि मी त्यांचं ओलं अंथरूण बदलत होते. मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही, राग आला. विठ्ठलाचाच आला. दोन दिवसांनी आमच्या दिंडीतल्या दोघी वाट वाकडी करून भेटायला आल्या, तर मी आतून कडी लावून गप्प बसले. त्या हाका मारून निघून गेल्या.

सकाळी हरिपाठाला बसते, तर तिसऱ्या अभंगाला डोळा लागतो. रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येऊन जातो. गेल्या महिन्यात मी त्यांची दाढी करत होते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं, सोडेनात. मी त्यांच्या हातावर जोरात चापट मारली. ते लहान मुलासारखे रडले. मी तशीच उठून भांडी घासायला गेले. अजून माफी मागितलेली नाही.

जाऊ म्हणते, मागच्या जन्मीचं आहे, फेडावंच लागतं. एक महाराज येऊन सांगून गेले, देव आपल्याच माणसाची परीक्षा बघतो, यातूनच तुमची आध्यात्मिक उन्नती होणार. मुलगा मोबाईलवर प्रवचनं पाठवतो, सगळ्यांत तेच, संकटातून माणूस घडतो. मी तर बिघडत चालले आहे. तीस वर्षांची भक्ती खोटी होती का? गळ्यातली माळ उतरवून ठेवावी असं वाटतं. उतरवू का?

—

ताई, रामकृष्णहरी.

माळ उतरवू नका. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. माळ घालताना आपण कधी चिडणार नाही, दमणार नाही, असं तुम्ही कुणाला लिहून दिलं नव्हतं. नेम धरला होता तो नामाचा, एकादशीचा आणि वारीचा. वारी चुकली, ती आजारी माणसाला एकटं टाकून जाता येईना म्हणून. नाम घेताना डोळा लागतो, त्याबद्दल आता बोलूच.

रात्री दर दोन तासांनी उठते, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला तुमच्या पत्रात तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटली. जवळजवळ दीड वर्ष सलग झोप न मिळालेलं माणूस पहाटे पाटावर टेकलं की झोपणारच. त्याचा भक्तीशी काही संबंध नाही. झोप अपुरी पडत गेली की आधी चित्त लागेनासं होतं, मग सहनशक्ती संपते, आणि पुढं पुढं ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दलही आत काही हलेनासं होतं. तुम्ही नेमकी हीच लक्षणं लिहिलीत आणि त्यांना नाव दिलंत 'भक्ती खोटी'. तुमचं निदान चुकलं आहे, ताई.

म्हणून पहिलं काम देवघरातलं नाही, रात्रीचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलावीच लागते, ते तुम्ही बरोबर करता आहात. पण दोन तास हा काही प्रत्येकाला लागू असा नियम नाही. चांगली हवेची गादी असेल, कातडी लाल पडत नसेल, माणूस थोडंफार स्वतः हलू शकत असेल, तर रात्री ते अंतर वाढवता येतं का, हे त्यांची पाठ दाखवून डॉक्टरांना किंवा अनुभवी नर्सला विचारा. हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायला नको, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि मुलाला सांगा, महिन्यातले दोन शनिवार-रविवार यायचं, त्या रात्री बाबांचं सगळं त्यानं बघायचं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. त्याला जमणार नाही असं आधीच ठरवू नका, तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं? तो प्रवचनं पाठवतो, कारण लांबून काहीच न करणं त्याला सोसत नाही आणि काय करावं ते सुचत नाही. नेमकं काम सांगितलंत तर तोही सुटेल.

आता 'उन्नती'बद्दल. तुमच्या पत्रातली खरी जखम तिथं आहे असं मला वाटतं. नवऱ्याचं आजारपण आहेच, त्यात भर म्हणून त्या आजारपणातून तुम्ही उंच व्हायला हवं होतं आणि झाला नाहीत, हा नवा अपराध तुमच्या माथी आला आहे.

संकटातून माणूस घडतो, हे म्हणणाऱ्यांकडे आधाराला तुकोबा असतात. बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली. तुम्हाला हा अभंग पाठ असणार. महाराजांच्या बोलण्यातही तो आला असेल. अभंग खरा आहे, त्यातला भावही खरा आहे. पण तो कुणी, कुणाबद्दल आणि कधी म्हटला, हे सोडून तो वापरला जातो, आणि मग तो दुखावतो.

१६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा ऐन विशीत. घरची महाजनकी, सावकारी, दुकान, सगळं बसलं. थोरली बायको रखुमाबाई गेली, लहानगा संतू गेला. स्वतःची हकीकत सांगताना त्यांनी हे लपवलेलं नाही की सजवलेलं नाही. बायको अन्न अन्न करत मेली, असं ते सरळ सांगतात. जिवाला लाज वाटली, या दुःखानं त्रासलो, असंही सांगतात. उन्नती झाली, असं त्या ठिकाणी म्हणत नाहीत. मग भामचंद्राचा डोंगर, भंडाऱ्याचा डोंगर, एकांत. 'बरे झाले' येतं ते हे सगळं ओलांडल्यावर, मागं वळून बघताना. आणि येतं ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल. शेजाऱ्याच्या दिवाळ्याबद्दल तुकोबांनी 'बरे झाले' म्हटलेलं नाही.

मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, ताई. 'बरे झाले' हे ज्याचं त्यानं म्हणायचं असतं, त्याच्या वेळेला म्हणायचं असतं, आणि म्हणावंसं वाटलं तरच. दुसऱ्यानं ते आपल्या दारात उभं राहून म्हणायचं नसतं. ओलं अंथरूण हातात असताना तर नाहीच नाही. तुम्हाला आज ते म्हणता येत नाही, यात तुमचं काही कमी पडलेलं नाही. कधीच म्हणता आलं नाही तरीही नाही.

गाथा चार हजारांहून जास्त अभंगांची आहे. तिच्यात 'बरे झाले' आहे, तसं देवाशी भांडणही कितीतरी वेळा आहे. माझ्या लेखी देव मेला, ज्याला असेल त्याला असो, इथपर्यंत तुकोबा गेले आहेत. वारकरी परंपरेनं ते अभंग काढून टाकले नाहीत, जपले. टाळांचा आवाज ऐकून तुम्हाला विठ्ठलाचा राग आला, तो राग या परंपरेच्या आतला आहे. तो गिळू नका. अंथरूण बदलता बदलता मोठ्यानं बोला, 'विठ्ठला, मला हे पटलेलं नाही.' रोज बोला हवं तर. डोळे मिटून न आलेली भक्ती आणायचा प्रयत्न करण्यापेक्षा हे मला जास्त खरं वाटतं. तुमचं आणि त्याचं तीस वर्षांचं नातं आहे, त्यात एवढं बसायला हवं.

महाराजांचा हेतू वाईट नसावा. धीर द्यायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत जायला अवघड वाटतं, म्हणून तो काहीतरी मोठं बोलून जातो. पण अमेरिकेतले दोन मानसशास्त्रज्ञ, रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून, यांनी १९९० च्या दशकात याच प्रश्नावर काम केलं, आघातातून गेलेल्या माणसांत पुढं काही वाढतं का यावर. त्यांचंही म्हणणं असं की आघात स्वतः कुणाला वाढवत नाही. नंतरच्या झगड्यात काही माणसांत काही बदलतं, सगळ्यांत नाही, आणि ज्यांच्यात बदलतं त्यांचं दुःख त्यामुळं संपत नाही. दोन्ही एकाच घरात राहतात. मी स्वतः अशी माणसं पाहिली आहेत जी मोठ्या आजारपणातून मायाळू होऊन बाहेर आली, आणि अशीही, जी कडवट झाली. कडवट झालेल्यांना मी कमी लेखत नाही. त्यांतल्या बहुतेकांना रात्रीची एक पाळी घेणारं कुणी मिळालं नव्हतं.

जावेचं बोलणं वेगळं आहे. प्रारब्धाचा विचार आपल्याकडे जुना आहे आणि स्वतःचं दुःख सोसताना कुणाला त्याचा आधार वाटत असेल तर तो मी काढून घेणार नाही. पण तो विचार स्वतःपुरता ठेवायचा. दुसऱ्याचं ओझं दिसत असताना आपला हात खिशात ठेवायला तो वापरला, तर त्याला अध्यात्म म्हणता येत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, तेव्हा पक्षाघात होतो. मागं बहुधा रक्तदाब असतो, साखर, तंबाखू, नाहीतर हृदयाचे अनियमित ठोके. जाऊबाई पुन्हा तसं बोलल्या तर वाद घालू नका, भाऊजींचा रक्तदाब कधी तपासला होता ते विचारा. सख्ख्या भावाला पक्षाघात झाला असेल तर दुसऱ्या भावानं तपासणी करून घ्यायलाच हवी. त्यांचंही भलं होईल.

चापट. याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. ती मारायला नको होती, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर इतक्या दिवसांनी ती पत्रात आली. पण त्या क्षणाकडे जरा त्यांच्या बाजूनं बघू. गळ्याशी वस्तरा आहे. 'थांब' म्हणता येत नाही. 'इथं दुखतंय', 'साबण डोळ्यात गेला', 'मान अवघडली', यांतलं काहीच म्हणता येत नाही. हलतो तो एकच हात. त्या हातानं त्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. तुम्हाला ते हट्टीपणा वाटलं, कारण मनगट दुखत होतं आणि तुम्ही रात्रभर जाग्या होता. दोघंही अडकलेली माणसं आहात.

माफी मागा. आजच मागा. त्यांना काय कळणार, असं समजू नका. अशा आजारात बोलणं जितकं जातं तितकं समजणं बऱ्याचदा गेलेलं नसतं. समोर बसा, टीव्ही बंद करा, छोटं वाक्य बोला. 'मी हातावर मारलं. माझं चुकलं.' एवढं पुरे. कारणं सांगत बसू नका. नंतर एक खूण ठरवा. डावा हात वर केला की तुम्ही जे करत असाल ते तिथंच थांबवायचं, मग ती दाढी असो, आंघोळ असो की घास असो. पहिले काही दिवस ते नुसतं बघायला हात वर करतील, खरंच थांबते का म्हणून. तेव्हाही थांबा. आणि पुन्हा तसा राग चढायला लागला, तर त्यांना सुरक्षित टेकवून, वस्तू हातातून खाली ठेवून खोलीबाहेर जा. अर्धी दाढी राहिली तर राहू द्या.

त्यांच्या रडण्याबद्दलही एक सांगायला हवं. पक्षाघातानंतर कित्येकांना रडू आवरत नाही. क्षुल्लक कारणानं येतं, कधी कारण नसतानाही येतं, कधी हसूही तसंच येतं. तो मेंदूला झालेल्या इजेचा भाग असू शकतो. शिवाय पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला पुढं नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्याल तेव्हा हे आपणहून सांगा, कारण त्यांना बोलता येत नाही म्हटल्यावर हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तुमच्याबद्दलही सांगा. भूक नाही, कशातच मन नाही, सारखी अपराधी भावना, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर तो तुमचाही आजार असू शकतो. आणि स्वतःचं किंवा त्यांचं काही बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर आजच्या आज १४४१६ ला फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. असे विचार येणं पाप नाही, ते एकटीनं सांभाळत बसणं धोक्याचं आहे.

आता हरिपाठाकडे येते. इथं मला तुमच्यासाठी खरोखर काहीतरी आहे.

तुम्ही सकाळी एकट्या, देवघरासमोर, त्यांच्या खोलीपासून लांब बसता, असं पत्रावरून वाटतं. तसं नका करू. त्यांच्या खाटेशी बसा. पक्षाघातानं डाव्या मेंदूला इजा झाली की उजवी बाजू जाते आणि भाषाही बहुधा तिथंच असल्यामुळं बोलणं जातं. पण लहानपणापासून घोकलेलं, चालीवर म्हटलेलं जे असतं, ते पुष्कळदा वाचलेलं असतं. 'पाणी' हा शब्द ज्याच्या तोंडून निघत नाही तो माणूस एक ते दहा आकडे म्हणून जातो, आरती सुरू झाली की तिच्यात शब्दासकट सूर मिसळतो. बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७० च्या दशकात याच आधारावर गाण्याच्या चालीतून बोलणं परत आणायची एक उपचारपद्धतच तयार केली. तुमच्या मिस्टरांच्या अंगात तर तीस वर्षांचं भजन आहे.

तेव्हा उद्या त्यांच्याजवळ बसून हळू लयीत म्हणा, 'पुंडलिक वरदा', आणि थांबा. बघा काय येतं. पहिल्या दिवशी काही येणार नाही कदाचित. नुसते ओठ हलतील, नुसता सूर येईल, किंवा 'हाऽऽरि विठ्ठल' असं अख्खं बाहेर पडेल. ते आलं तर हुरळून जाऊन 'मग पाणी म्हणा, माझं नाव घ्या' अशी परीक्षा घेऊ नका. भजन येतं म्हणजे बोलता येतं आणि मुद्दाम बोलत नाहीत, असं अजिबात नाही. ती मेंदूतली वेगळी वाट आहे. आणि काही आलंच नाही, तरी रोज दहा मिनिटं दोघांनी एका लयीत बसणं होईल. तुम्हाला डुलकी लागली तर लागू द्या. वाचा-उपचार करणारं कुणी साताऱ्यात किंवा पुण्यात मिळालं तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा, ते ती पुढं नेतील. पहिल्या सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही असं कुणी म्हणालं असेल तर तेही पूर्ण खरं नाही. वेग मंदावतो, पण सुधारणेचं दार त्या दिवशी बंद होत नाही.

पुंडलिकाची गोष्ट तुम्हाला आतापर्यंत अनेकांनी ऐकवली असेल, सेवा कशी करावी म्हणून. मला तुमच्यासाठी तिच्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. देव दारात आल्यावर त्यानं हातातलं काम टाकलं नाही. वीट पुढं सरकवली आणि थांब म्हणाला. देव थांबला, चिडला नाही. तेव्हा सकाळी झोप लागली तर हरिपाठ संध्याकाळी. सगळा नाही झाला तर एक अभंग. आंघोळीआधी त्यांना औषध द्यायची वेळ झाली तर औषध आधी. तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील आणि दिवसभराची उचलाउचल असेल, तर एकादशीला निर्जळी करायची नाही. हे सगळं 'थांब' म्हणण्यात बसतं. उपदेश करायला आलेल्या पाहुण्यांनाही थांबा म्हणता येतं.

वारी चुकल्याचं दुःख राहील, ते पुसता येणार नाही. पण २०२० साल आठवा. त्या वर्षी पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि लाखो माळकरी आषाढीला आपापल्या घरी बसून राहिले. तुम्ही दोघंही त्यांत असणार. त्या वर्षी तुमच्या मनात आलं होतं का, की आपली भक्ती खोटी होती?

कडीचं एवढं मनावर घेऊ नका. लोकांच्या बोलण्यानं उद्विग्न होऊन ज्ञानोबांनीही झोपडीची ताटी लावून घेतली होती असं परंपरा सांगते, आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून विनवत राहिली होती. दार लावून घ्यावंसं वाटणं माणसाला होतं. तुमच्या बाबतीत मात्र बाहेरून हाक मारणाऱ्या दोघी निघून गेल्या आहेत, तेव्हा आता फोन तुम्हालाच करावा लागेल. काही लपवू नका. 'त्या दिवशी मी घरात होते, दार उघडवेना', असं सांगा. बाया समजून घेतात. त्यांच्यातल्याही कुणीतरी कधीतरी कडी लावलेली असते.

आणि त्यांनी 'काही लागलं तर सांग' म्हटलं की त्याच फोनवर सांगा काय लागतं ते. एकीनं दर बुधवारी दुपारी दोन तास येऊन बसायचं, तुम्ही तेवढ्यात झोपायचं किंवा बाजार करायचा. चातुर्मासातल्या एकादशीला संध्याकाळी चार-पाच जणींनी तुमच्याकडे भजनाला यायचं, चहासुद्धा त्यांनीच करायचा. मिस्टरांना खांद्याला किंवा उजव्या हाताला धरून ओढू नका, एवढं बायांना आधी बजावा. लुळा पडलेला हात ओढला की खांदा निखळू शकतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो.

त्या संध्याकाळी त्यांचा पखवाज खाली काढा. लुळा पडला आहे तो उजवा हात. डाव्या तोंडावर, जिथं कणीक लावतात, तिथं डावाच हात पडतो आणि तो त्यांचा शाबूत आहे. कणीक लावून पखवाज त्यांच्या डाव्या हाताला पोचेल असा ठेवा आणि कुणी काही बोलू नका. त्यांनी हात ठेवला तर ठीक. ढकलून दिला, रडू लागले, तर मुकाट्यानं बाजूला ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. जे पूर्वी सफाईनं यायचं ते अर्धं समोर येणं कुणाकुणाला फार लागतं.

प्रसादाचं मात्र तुम्हीच बघा. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होत असेल तर प्रेमानं भरवलेला लाडू, चुरमुरे, नाहीतर घाईनं पाजलेलं तीर्थसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. ताठ बसवून, रोज जे आणि जसं देता तसंच, चमच्यानं, तुमच्याच हातानं. बायांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाला वाईट वाटणार नाही. पुढचं पत्र लिहाल तेव्हा झोपेचं काय झालं ते आधी कळवा.